कपाटातलं इंग्रजी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट असतं. वरच्या कप्प्यांत जनरल रजिस्टर, हजेरीपट, खिचडीच्या नोंदवह्या. सगळ्यात खाली, बहुधा ज्या प्लास्टिकमध्ये आलं त्याच प्लास्टिकमध्ये, इंग्रजी शिकवण्याचं साहित्य: चित्रकार्डं, शब्दपट्ट्या, अक्षरांचे ठोकळे, संवादांचे तक्ते, एखादी हातबाहुली. हे सगळं शासनाच्या पैशानं आलेलं असतं आणि वर्ग त्या कपाटापासून दहा पावलांवर असतो. तरी ते तिथे पोहोचत नाही. का पोहोचत नाही आणि पोहोचलं तर त्याचं काय करता येतं, एवढ्यासाठीच हे पत्र. मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, पुढे तालुक्यातल्या शिक्षकांच्या इंग्रजी प्रशिक्षणात काम केलं, आता निवृत्त आहे. निवृत्त माणसाला मंत्र्यांना पत्र लिहिताना 'विहित मार्गाने' जावं लागत नाही, म्हणून थेट लिहितो आहे.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. निर्णयावर भरपूर वाद झाला. मातृभाषा बुडणार की बहुजनांच्या मुलांना दार उघडणार, यावर दोन्ही बाजूंनी जोरात लिहिलं गेलं. मोरे सरांचा हेतू मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. शहरातल्या पोराला जे मिळतं ते वाडीवरच्या पोराला का मिळू नये? पण वाद सगळा 'कितवीपासून' याभोवतीच फिरला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा विषय निघाला, तापला आणि जूनच्या अखेरीस शासनानं निर्णय मागे घेतला; त्याही वेळी बोलणं झालं ते इयत्तेवर आणि अस्मितेवर. तासाला मुलाच्या हातात नेमकं काय असणार, हे दोन्ही वेळी मागेच राहिलं.

साहित्य आलंच नाही असं मात्र नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजना आली, तिच्यातून नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानाच्या पेट्या शाळांत उतरल्या. पुढे गणिताची पेटी आली, भाषेची आली, इंग्रजीची आली. २०२३ मध्ये केंद्रानं लहान मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला. पेट्यांची ही परंपरा आता जवळजवळ चाळीस वर्षांची आहे. आणि 'असर' या शालेय पाहणीचा २०२२ चा अहवाल सांगतो की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी मुलं २४.५ टक्के आहेत. २०१६ मध्ये ती २४.७ टक्के होती. मधल्या काळात करोनानं शाळा बंद होत्या हे खरं, पण करोनाआधीचा आकडाही मिरवण्यासारखा नव्हता.

मराठी माध्यमात इंग्रजी ही कागदावर 'तृतीय भाषा' आहे. नियतकालिक मूल्यांकन चाचणीच्या कागदांवर तसंच लिहिलेलं असतं. पण डोंगरातल्या वाडीवरच्या, पारधी वस्तीवरच्या, ऊसतोडीच्या कोप्यांवरून आलेल्या मुलासाठी ती सरळ सरळ परदेशी भाषा आहे. शाळा सुटली की तिच्यातलं एक वाक्यही त्याच्या कानावर पडत नाही. मराठीच्या तासाला साहित्य कमी पडलं तरी फारसं बिघडत नाही. मूल घरी जाऊन आजीशी मराठीतच भांडणार असतं. गणितालाही चिंचोके पुरतात. इंग्रजीचं तसं नाही. त्या तासात जेवढं कानावर पडेल, डोळ्यांपुढे येईल आणि तोंडून निघेल, तेवढंच इंग्रजी त्या मुलाच्या वाट्याला येतं. म्हणून सगळ्या विषयांत साहित्याची गरज इंग्रजीला सर्वांत जास्त आहे, आणि ते साहित्य कसलं असावं याचा विचार सर्वांत कमी झाला आहे.

आता नेहमीचा तास कसा चालतो ते पाहा. शिक्षक पेन वर धरतात आणि विचारतात, "व्हॉट इज धिस?" मुलं एका सुरात, "धिस इज अ पेन." पेन आहे हे शिक्षकांना माहीत, मुलांना माहीत, खिडकीतून डोकावणाऱ्या बालवाडीच्या पोरालाही माहीत. या उत्तराची गरज वर्गात कुणालाही नाही. पेनच्या जागी छान छापलेलं चित्रकार्ड धरलं तरी फरक पडत नाही. साहित्य वापरल्याची नोंद होते, पाठ टाचणात 'साधने: चित्रकार्ड' असं लिहिता येतं, आणि मूल एक वाक्य घोकतं.

तेच पेन कापडी पिशवीत टाका. आणखी चार वस्तू टाका: लिंबू, किल्ली, खोडरबर, बांगडी. एका मुलीनं पिशवीत हात घालून एक वस्तू मुठीत धरायची, बाहेर काढायची नाही. बाकीच्यांनी विचारायचं: "इज इट हार्ड?" "इज इट राउंड?" "कॅन यू ईट इट?" ती फक्त 'येस' किंवा 'नो' म्हणणार. आता उत्तर फक्त तिलाच ठाऊक आहे आणि ते काढून घ्यायचं तर इंग्रजीत विचारण्यावाचून इलाज नाही. मागच्या रांगेतला, कधीच तोंड न उघडणारा पोरगा 'लेमन! लेमन!' म्हणून ओरडतो. वस्तू त्याच, खर्च शून्य, फरक फक्त मांडणीचा. कुणाला तरी माहीत असलेलं आणि कुणाला तरी हवं असलेलं काहीतरी मध्ये असलं पाहिजे. तसं काही घडवतं ते साहित्य, बाकीची सजावट. आपल्या खात्यानं पुढची निविदा काढण्याआधी प्रत्येक वस्तूला ही एकच कसोटी लावावी, अशी माझी विनंती आहे.

हे काही मी शोधलेलं नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि कडलूरच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. इंग्रजी शिकवणाऱ्यांत तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला जातो. त्यात ना टेपरेकॉर्डर होता ना रंगीत तक्ते. फळा, खडू, कागद. व्याकरणाचा क्रम लावून पाठ घेण्याऐवजी मुलांपुढे कोडी ठेवली जात: नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक, कुणाच्या तरी दिवसाचा कार्यक्रम. आधी शिक्षक तसलंच एक कोडं सगळ्या वर्गासोबत बोलत बोलत सोडवायचे, मग दुसरं मुलांनी आपापलं सोडवायचं. डोकं उत्तराच्या मागे लागलं की भाषा अंगवळणी पडत जाते, असं प्रभूंचं म्हणणं. निष्कर्षांवर नंतर अभ्यासकांनी वाद घातला, तो असो. पण गरीब शाळेच्या फळ्यावर उभा राहिलेला हा विचार पुढे परदेशातल्या पाठ्यपुस्तकांत गेला आणि आपल्याकडे 'टास्क' हे नाव लावून महागड्या प्रशिक्षणातून परत आला, याची गंमत वाटते.

आमच्याकडे रेल्वे नाही, पण एसटी आहे. चौथीच्या वर्गात फळ्यावर इंग्रजीत तीन रकाने आखायचे: गावाचं नाव, गाडी सुटण्याची वेळ, तालुक्याला पोहोचण्याची वेळ. चार गाड्या पुरे. मग सांगायचं, आजीला अकराच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोचायचं आहे. स्टँडपासून दवाखाना चालत वीस मिनिटं. तिला पहाटेच्या थंडीत निघायला लावायचं नाही. "व्हिच बस शुड शी टेक?" उत्तर येतं दोनच शब्दांत: "नाइन थर्टी." काही साहेब लोक इथे नाराज होतात, पूर्ण वाक्य का नाही म्हणून. त्यांना विनंती, की त्या दोन शब्दांआधी पोरानं इंग्रजीतली पाच वाक्यं कान देऊन ऐकली, त्यांतून तीन अटी काढल्या आणि वेळेचा हिशेब केला, तो पाहा. पूर्ण वाक्य पुढच्या महिन्यात येईल. लगेच दुसरा पोरगा म्हणतो, "सर, ती गाडी रोज लेट असते," आणि वर्ग हसतो. तेही इंग्रजीत म्हणायला मदत करायची: "दॅट बस इज ऑलवेज लेट." हे वाक्य कोणत्याही पेटीत मिळणार नाही.

दुसरा एक खेळ सांगतो, कारण त्याला दोन कागद लागतात आणि तेवढेच. दोन्ही कागदांवर एकच शेत काढायचं: विहीर, आंब्याचं झाड, गोठा, गाय, कुत्रा. फक्त एका चित्रात गाय झाडाखाली आणि दुसऱ्यात विहिरीजवळ. एकात कुत्रा झोपलेला, दुसऱ्यात पळणारा. दोन मुलं समोरासमोर, मध्ये उभं केलेलं दप्तर. एकमेकांचं चित्र न पाहता फरक शोधायचे. 'अंडर', 'नियर', 'बिहाइंड' या शब्दांची गरज इथे आपोआप लागते. वर्गात गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाचे गुरुजी येऊन दारात उभे राहतात. हा गोंगाट म्हणजे बेशिस्त नव्हे, हे केंद्रप्रमुखांपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना आपल्या सहीनं कळलं तर फार बरं होईल.

बाजारात मिळणारे तक्ते मात्र शाळांनी घेऊच नयेत, या मताला मी आलो आहे. आय फॉर इग्लू. बर्फाच्या घराचं चित्र दाखवून आधी ते घर मराठीत समजावून सांगायचं, मग त्याचं नाव शिकवायचं, आणि एवढं करून तो शब्द मुलाच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही. एक्स फॉर झायलोफोन तर त्याहून वाईट; त्या अक्षराचा नेहमीचा 'क्स' हा आवाज तिथे नाहीच, तिथे 'झ' आहे. ज्या अक्षराचा आवाज शिकवायचा त्याचाच चुकीचा नमुना भिंतीवर वर्षभर टांगलेला. 'बॉक्स' पुरे होता. खडूचा बॉक्स टेबलावर असतो.

आणि मुलाच्या तोंडात इंग्रजी शब्द नाहीत असं कुणी म्हणू नये. ट्रॅक्टर, मोटर, पाइप, स्टार्टर, लाइट, चार्जर, रिचार्ज, इंजेक्शन, स्टँड, तिकीट. क्रिकेट खेळणारं पोर तर आऊट, कॅच, रन, ओव्हर, वाइड, नो बॉल यांच्यासाठी जिवावर उदार होऊन भांडतं. खताच्या गोणीवर, बियाण्याच्या पाकिटावर, बिस्किटाच्या पुड्यावर, गोळ्यांच्या पट्टीवर, सेकंडहँड टी-शर्टच्या छातीवर इंग्रजी अक्षरं घराघरात आहेत. पार्ले-जीचा कागद मुलाला वाचता येतो. निदान त्यावर काय लिहिलंय हे त्याला ठाऊक असतं, आणि वाचनाची सुरुवात तिथूनच होते. हे कागद स्वच्छ पुसून, कापून, वर्गात लावले, एकाच अक्षरानं सुरू होणारे एकत्र, किंमत लिहिलेले एकत्र, 'युज बिफोर' लिहिलेले एकत्र, तर पहिलीचा महिनाभराचा अभ्यास उभा राहतो. औषधांच्या पट्ट्या मात्र रिकाम्या झालेल्याच आणाव्यात, हे बजावून सांगावं लागतं.

शिक्षकांना आणखी एक भीती असते. मुलं विचारतात, अंबाडीला इंग्रजीत काय म्हणायचं? घेवड्याला? गुरुजींना येत नाही, म्हणून गुरुजी पुस्तकातल्या ॲपल-ऑरेंजवर परत येतात. कशाला? "वुई ग्रो अंबाडी. वुई ईट इट विथ भाकरी." हे चोख इंग्रजी आहे. परदेशी भाषा शिकायची म्हणजे परदेशी वस्तूंबद्दलच बोलायचं, असा नियम कुणी केलेला नाही.

आता कपाटाकडे वळतो. शिक्षक आळशी आहेत म्हणून पेटी उघडत नाहीत, हा समज मंत्रालयात असेल तर तो काढून टाका. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. कार्ड हरवलं, बाहुलीचा हात निखळला, ठोकळा पोरानं घरी नेला, की वार्षिक तपासणीत संख्या जुळत नाही. मग खुलासा. फाटलेली वस्तू टाकायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव. बारा रुपयांच्या कार्डासाठी तीन सह्या. बदली झाली की पदभार देताना-घेताना पुन्हा मोजणी. अशा वेळी शहाणा मुख्याध्यापक काय करील? ठेवणीतल्या पैठणीसारखी पेटी जपून ठेवील, आणि साहेब आले की काढून दाखवील. तपासणीत नवंकोरं साहित्य दिसलं की शेरा चांगला मिळतो. मळलेली, कोपरे दुमडलेली, मागून कागद चिकटवून जोडलेली कार्डं पाहून खूश होणारा अधिकारी मला नोकरीत फार उशिरा भेटला. त्याच्या भेटीनंतर आमच्या केंद्रात बऱ्याच पेट्या उघडल्या गेल्या.

त्यातच फोटोचं प्रकरण. साहित्य वापरल्याचा फोटो ग्रुपवर टाका, उपक्रमाचा व्हिडिओ लिंकवर भरा. फोटोसाठी पिशवीचा खेळ निरुपयोगी असतो. पिशवीच्या आत काय आहे ते दिसत नाही. थर्मोकोलचं झाड, त्याला लोंबणारी रंगीत अक्षरं, पुढे हसणारे गुरुजी, हे दिसतं. साहित्यनिर्मितीच्या स्पर्धा या अशाच झाडांनी भरलेल्या असतात. काही वर्षांपूर्वी भरणारी 'शिक्षणाची वारी' याला बऱ्याच अंशी अपवाद होती. तिथे शिक्षक स्वतःच्या हातानं केलेलं दाखवायचे आणि येणारे वहीत उतरवून घ्यायचे. ती पद्धत पुन्हा जिल्ह्याजिल्ह्यांत, लहान प्रमाणात, उद्घाटनाविना व्हावी.

पेट्या बनवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे एक वर्ग, एक शिक्षक असतो. आपल्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत. एका गुरुजींपुढे पहिली-दुसरी किंवा तिसरी-चौथी एकत्र बसते. गुरुजी तिसरीला भागाकार शिकवत असताना चौथीनं इंग्रजीत काहीतरी स्वतःचं स्वतः करत राहिलं पाहिजे. म्हणजे साहित्यानं मुलाला स्वतःची चूक कळू दिली पाहिजे. चित्र आणि शब्द यांचे तुकडे असे वेडेवाकडे कापायचे की योग्य जोडीच एकमेकांत बसेल. कार्डाच्या मागे उत्तर लिहायचं. सोप्यापासून अवघडापर्यंत गोष्टींची पानं दोरीवर चिमट्यानं लावायची आणि मुलांनी आपल्या गतीनं घ्यायची. अशी पेटी असेल तर ती द्विशिक्षकी शाळेत सगळ्यात आधी उघडली जाईल, कारण तिथे ती गुरुजींचा जीव वाचवते.

शिक्षकांच्या स्वतःच्या इंग्रजीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. आमच्या पिढीतले पुष्कळ जण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढले किंवा गाइडांवर. वाचता येतं, लिहिता येतं, बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. अशा माणसाच्या हातात इंग्रजीत छापलेली सूचनापुस्तिका दिली तर तो ती उघडणार नाही. सूचना मराठीत हव्यात आणि वर्गात म्हणायची वाक्यं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, त्या त्या कार्डाच्या मागेच. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम तयार केला, त्यात ही समज होती. रेडिओतली पात्रं विचारायची, मग थोडी थांबायची. त्या मोकळ्या वेळात वर्ग उत्तर द्यायचा. शिक्षकही मुलांबरोबर हळूच उत्तर देत आणि कुणाला न कळता स्वतःचा उच्चार सुधारून घेत. कुणाचा अपमान न करता शिक्षकाला शिकवणारं याहून सभ्य साधन मी पाहिलेलं नाही. आज तोच प्रकार मोबाइलवरच्या ध्वनिफितींतून विनानेटवर्क करता येईल. पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, 'दीक्षा' पोर्टलवर व्हिडिओ आहेत. पण व्हिडिओ बहुतेक वेळा मुलांना गप्प बसवून दाखवायचे असतात. आणि ज्या शाळेचं वीजबिल थकल्यानं मीटर कापलं गेलं, तिथे लोकवर्गणीतून आलेल्या प्रोजेक्टरवर धूळ बसते. वीज आधी, प्रोजेक्टर मागाहून, हा क्रम आपल्याला उलटा जमला.

गोष्टींची पुस्तकं हा मात्र सोपा मार्ग आहे आणि तो मोकळा आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर २०१५ पासून चित्रगोष्टी मुक्त परवान्याखाली ठेवलेल्या आहेत. एकच गोष्ट मराठीतही आणि इंग्रजीतही मिळते, छापून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलानं आधी मराठीत वाचलेली गोष्ट इंग्रजीत उघडली की निम्मं काम झालेलं असतं. समग्र शिक्षामध्ये प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ती वरून निवडलेल्या गठ्ठ्यांवर न घालवता शाळेनं अशी जोडपुस्तकं छापून घेण्यावर खर्च करू द्यावी.

पैशाचं बोलतोच आहे तर तेही पुरं करतो. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम किरकोळ होती, पण ती शिक्षकाच्या हातात होती. कार्डशीट, स्केचपेन, डिंक, दोरी, आरसा त्यातून यायचा. ते अनुदान बंद झालं. आता संयुक्त शाळा अनुदान आहे: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, त्यातून दहा टक्के स्वच्छतेला, आणि उरलेल्यात वीज, दुरुस्ती, खडू, स्टेशनरी सगळं. तिथे इंग्रजीच्या वाट्याला काय येणार? शिवाय जे आणायचं ते आठवडी बाजारातून: प्लास्टिकची फळं, पिशव्या, खेळण्यातलं घड्याळ. बाजारातली बाई पक्कं बिल कुठून देणार? म्हणून गुरुजी खिशातून आणतात आणि गप्प बसतात. किंवा आणत नाहीत.

पाठ्यपुस्तकाचंही एक. मार्च २०२३ मध्ये शासनानं पुस्तकांत कोरी पानं घालण्याचा निर्णय घेतला, पुस्तकाचे चार भाग केले. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द केला. दप्तर हलकं करण्याची इच्छा चांगलीच होती. पण इंग्रजीच्या पुस्तकात कोऱ्या पानापुढे मूल काय करणार? फळ्यावरचं उतरवणार. त्या जागी कापायची चित्रं, जोड्यांचे तुकडे, खेळाचा पट छापला असता, तर प्रत्येक मुलाच्या दप्तरात फुकटात साहित्य पोहोचलं असतं, कपाटाच्या वाटेला न जाता. बालभारतीकडे हे करण्याची कुवत आहे. तिच्या इंग्रजी पुस्तकांतल्या कृती कितीतरी चांगल्या आहेत, फक्त त्या वाचायला ठेवलेल्या असतात, कापायला नाही.

सेमी इंग्रजीचे वर्ग काढण्याची जी चढाओढ लागली आहे तिच्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच, की गणितात 'डिनॉमिनेटर' वाचणाऱ्या पोराला 'मे आय ड्रिंक वॉटर' यापलीकडे स्वतःचं एक वाक्य येत नसेल, तर त्याचं गणितही जातं आणि इंग्रजीही.

तर माझं मागणं असं आहे. एक परिपत्रक काढा, एका पानाचं. इंग्रजीचं, आणि खरं तर सगळ्याच भाषांचं, शैक्षणिक साहित्य जडवस्तू संग्रहातून वगळून खडूसारखं उपभोग्य धरावं. वर्षअखेरीला ते झिजलेलं असणं हीच त्याच्या वापराची नोंद मानावी. त्यासाठी खुलासा आणि निर्लेखन मागू नये. वापराचे फोटो मागणं थांबवावं. शिक्षक अनुदान पुन्हा सुरू करावं, निदान २,००० रुपये, आणि त्यातल्या किरकोळ खरेदीला शिक्षकाची सही असलेली साधी पावती चालावी. कुणी म्हणेल पैसे खाल्ले जातील. दोन हजारांत कुणी किती खाईल याचा हिशेब एकदा करावा आणि कपाटात पडून राहिलेल्या पेट्यांच्या किमतीशी तो ताडून पाहावा.

नवी पेटी घ्यायचीच असेल तर निविदेआधी तिचा नमुना मेळघाटातल्या, अक्कलकुव्यातल्या, कोकणातल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळांत एक सत्र वापरायला द्या, आणि तो ज्यांना इंग्रजी बोलायची भीती वाटते अशाच शिक्षकांना द्या. ज्यांना छान येतं ते कशानंही शिकवतील. केंद्रातल्या दरमहाच्या शिक्षण परिषदेत निम्मा वेळ सूचना वाचण्यात जातो. तो वेळ शिक्षकांनी महिनाभर वापरलेलं एकेक साहित्य एकमेकांपुढे करून दाखवण्यासाठी राखून ठेवा. ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासोबत शासनानं चालवलेल्या 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांचे असे गट बसत असत. प्रकल्प संपला, पण गट बसवायला प्रकल्प लागत नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, सही लागते. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात त्यानंतर थोड्या दिवसांनी. पहिल्या आठवड्यात वर्गाची घडी बसते ती वर्षभर टिकते. म्हणून परिपत्रक मे महिन्यातच निघावं. दिवाळीनंतर निघालं तर ते पुढच्या वर्षीच्या कामाचं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक